शंभर कोंबड्यांची बाटली

पहिली बाटली मी उकळली आणि परसात खड्डा करून पुरली. शंभर कोंबड्यांना पुरेल एवढी लस होती ती आणि त्यातले अकरा थेंब वापरले गेले होते. चार माझ्या कोंबड्यांना, पाच धाकट्या जाऊच्या, दोन शेजारणीच्या. बाकी सगळी खड्ड्यात. वरून माती लोटताना मला रडू वगैरे आलं नाही. राग आला, आणि तो दोन दिवस पुरला.

आमचं गाव जामखेडपासून सायकलच्या अंतरावर आहे, आणि मी गावची पशुसखी. म्हणजे तालुक्याला जाऊन थोडं शिकून आलेली बाई. शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, खुरं तासायची, आपल्या हातातलं नसेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन करायचा, एवढं माझं काम. शेळ्यांचं काम लगेच बसलं, कारण शेळी सुस्तावली की घरातला पुरुष स्वतः गाडी काढून मला न्यायला येतो. कोंबडी बायकांची. ती मेली तर कोणी फोन करत नाही. टोपलीत घालतात आणि ओढ्यापलीकडे टाकून येतात.

आणि मरायच्या त्या एकदोन नव्हे. थंडीचे दिवस लागले की आमच्याकडे मानमोडी येते. कोंबडी आधी पेंगते, हिरवट हगते, मग मान पिळल्यासारखी वाकडी होते आणि दोनतीन दिवसांत संपते. एका घरातून दुसऱ्या घरात आठवड्याभरात पोचते. आदल्या वर्षी तर आमच्या गल्लीत पहाटे आरवायला कोंबडा उरला नव्हता.

यावरची लस साधी आहे. सुई नाही, काही नाही, डोळ्यात एक थेंब. अडचण बाटलीची आहे. तळाला सुकी वडी असते, ती सोबतच्या पाण्यात विरघळवली की घड्याळ सुरू झालं समजायचं. बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची, नाहीतर ती निकामी. आणि बाटली येते शंभराची. म्हणजे आज एक घर पटवलं, पुढच्या महिन्यात दुसरं, असं हे काम होतच नाही. एकाच सकाळी शंभर कोंबड्या हातात आल्या तर झालं, नाहीतर खड्डा.

हे सगळं मी पोळ्यानंतरच्या बचत गटाच्या बैठकीत नीट समजावून सांगितलं होतं. सगळ्यांनी हात वर केले. "येतो की ताई, न यायला काय झालं?" एकीने तर मला सकाळी चहाला बोलावलं. आणि सकाळी मी बर्फाचा थर्मास घेऊन दारोदार फिरले तर सगळ्यांच्या कोंबड्या पहाटेच सुटलेल्या. चहा मात्र मिळाला.

डॉक्टर तसे शांत गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी फोनवर तापले. "अहो बाई, लस म्हणजे काय नळाचं पाणी आहे का? माझ्याकडे मोजून बाटल्या येतात. आता शंभर कोंबड्यांची यादी घेऊन या, मालकिणीच्या सहीअंगठ्यासकट. तरच दुसरी बाटली."

मी यादी करायला निघाले. पुन्हा तीच दारं. "कोंबड्या किती?" विचारलं की बाई पटकन सांगायची, सहा, आठ, पिल्लं धरून बारा. "मग इथं अंगठा दे," म्हटलं की तिला चुलीवरची भाकरी आठवायची. तीन दिवस फिरून माझ्या वहीत मी, जाऊ आणि शेजारीण याच आम्ही तिघी होतो.

चौथ्या दिवशी आम्ही दोघी जावा शेतात उडीद काढत होतो. मी चिडून बोलत होते, या बायकांना स्वतःचं भलं कळत नाही वगैरे. धाकटी जाऊ ऐकत होती. तिचं माहेर याच गावातलं, मी सासरी आलेली. ती एकदम कंबर धरून हसायलाच लागली.

"बाई, तुमाला खरंच म्हाईत न्हाई? त्या कोंबड्या त्यांच्या हायेत कुठं?"

"म्हणजे?"

"अर्धलीच्या हायेत. आक्काच्या."

मला या गावात नांदायला येऊन पंचवीस वर्षं झाली आणि हे मला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात कोंबड्या बाजारातून विकत आणायची पद्धत. जाऊने उडदाचे वेल बाजूला ठेवून मला समजावलं. वरच्या आळीच्या टोकाला एक म्हातारी राहते, तिला सगळं गाव आक्का म्हणतं. ती गरजू बाईला एक तलंग, म्हणजे अंड्यावर आलेली तरणी कोंबडी, देते. सांभाळायची तिने, दाणापाणी तिचं. अंडी उबवून पिल्लं झाली की निम्मी आक्काची, निम्मी सांभाळणारीची. मूळ कोंबडी कायम आक्काची. लिहिलेलं काही नाही, पण नियम पक्का. कोंबडी रोगाने मेली, मुंगसाने नेली, तर कोणाचा दोष नाही. सांभाळणारीच्या हाताने काही होऊन मेली तर मात्र तिने भरून द्यायची.

"आन तुमी तर सांगताय, हिच्या डोळ्यात औषध घाला," जाऊ म्हणाली. "मेली तर कुनाच्या हातानं मेली म्हनायची?"

मी उडदात खाली बसले. ज्यांना मी अडाणी म्हणत होते त्या बायका अगदी बरोबर हिशेबाने वागत होत्या. मी चुकीच्या दारात उभी होते. जाऊच्या अंदाजाने गावातल्या निम्म्याहून जास्त कोंबड्यांची मालकीण एकच होती, आणि तिला मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. ती गटातही नव्हती. मला इतका उत्साह आला की उरलेली ओळ मी जाऊवर टाकून तशीच निघाले. ते तिने मला अजून ऐकवायचं सोडलेलं नाही.

आक्का ओट्यावर मिसरी लावत बसली होती. बारकी, काळी, तुरतुरीत बाई. अंगणात तिच्या घरच्या सात कोंबड्या उकरत होत्या. मी सगळं सांगितलं. तिने बोट दातांवरून न काढता ऐकून घेतलं, मग अंगणाच्या कडेला थुंकली.

"मान मोडती, पाय लुळं पडत्यात, आन थेंब घालायचा डोळ्यात? कोंबडीला काय चष्मा लागलाय व्हय?"

"आक्का, पोलिओचा डोस तोंडात देतात आणि पाय वाचतात. तसंच."

"पोरांचं येगळं हाय."

"काय वेगळं आहे?"

"पोरं अर्धलीनं देत न्हाई म्या." एवढं बोलून तीच हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आता तुझ्याशी खरं बोलते. दसरा झाला की टोळ्या ऊस तोडायला जात्यात. जाताना समद्या बाया माझ्या कोंबड्या माझ्या दारात आनून सोडत्यात. गेल्या साली चाळीसाच्या वर जमल्या हुत्या हितं. आठ दिसांत चार ऱ्हायल्या. ह्या साली पुन्यांदा तसंच झालं तर म्या कुनाला काय देनार? माझ्याकडं काय शेतीचा तुकडा न्हाई, लेक देईल ते खायचं."

एवढंच बोलली, पण मला पुरेसं कळलं. गावभरच्या कोंबड्या एका अंगणात आल्या की रोगाला चालत फिरायचीही गरज नव्हती. ते जमा व्हायच्या आत, निदान दोन आठवडे आधी, थेंब पडायला हवे होते. हातात महिनाही नव्हता.

"मग घालू या की," मी म्हटलं.

"आधी माझ्या ह्या सातांना घाल. आठ दिस बघते. आठ दिसांत एखादी मेली तर ह्या आळीत पाऊल टाकायचं न्हाई. जगल्या तर बाकीच्यांचं बोलू."

मागणी रास्त होती. मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. फक्त सात कोंबड्यांसाठी शंभराची बाटली कोण देणार? डॉक्टरांना विचारण्यात अर्थ नव्हता. रात्रीच्या भाकरी थापता थापता मला रस्त्याकडेच्या पोल्ट्रीची आठवण झाली. जामखेडच्या वाटेवर एक मोठी शेड आहे, पांढऱ्या कोंबड्यांची. त्यांना हीच लस देतात आणि त्यांची बाटली हजाराची असते. हजारातून थोडी उरणारच.

पोल्ट्रीच्या सुपरवायझरने मला फाटकाच्या आत घेतलं नाही. "मॅडम, तुम्ही गावठी कोंबड्यांच्या घरातून येता. तुमच्या चपलेबरोबर आमच्याकडे रोग यायचा. तिथंच थांबा, त्या चुन्याच्या रेघेच्या अलीकडे." मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला तो माणूस आवडला. पहिल्यांदाच कोणीतरी या रोगाला माझ्याएवढं घाबरत होतं. पुढच्या लसीच्या दिवशी फोन करायचं त्याने कबूल केलं.

फोन आला तो पितृपक्षात, भर दुपारी. मी स्कूटी दामटली. त्याने फाटकावरून हात लांब करून छोटी बाटली माझ्या थर्मासात टाकली. "वीसेक थेंब असतील. विरघळवून पाऊण तास झालाय. पळा."

सव्वा तास हातात. रस्ता वीस मिनिटांचा. वाटेत मी स्वतःशीच मोठ्याने बोलत होते, हे मला एका ट्रॅक्टरवाल्याने हात केला तेव्हा कळलं. आणि आक्काच्या अंगणात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय विसरले. ऊन डोक्यावर होतं. कोंबड्या सुटलेल्या होत्या.

दिवसा सुटलेली गावठी कोंबडी धरून बघावी. दोन उकिरड्यावर, एक कडब्याच्या गंजीवर, एक दुसऱ्याच्या न्हाणीत. आक्काची सून एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, आणि आक्का ओट्यावरून आम्हाला शिव्या देतेय. "अगं हातपाय हलवा! डॉक्टरीनबाई म्हनं, कोंबडी धरता येईना!" पाऊण तासात सहा सापडल्या. सातवी, कवड्या रंगाची, बाभळीवर जाऊन बसली. माझ्याकडे दहा मिनिटं उरली होती. शेवटी आक्का स्वतः उठली, पदरात मूठभर ज्वारी घेतली आणि बाभळीखाली जाऊन हळू आवाजात "तीऽ तीऽ तीऽ" केलं. कवडी उडून तिच्या पायाशी आली. आक्काने तिला उचलली, काखेत दाबली आणि मला म्हणाली, "घाल. पन डोळं फुटलं तर तुझं फोडीन." मी थेंब घातला. कवडीने डोळा मिटला, उघडला आणि झालं.

पुढचे आठ दिवस मी रोज वरच्या आळीतून काही ना काही निमित्ताने जायचे आणि लांबूनच सात मोजायचे. पाचव्या दिवसापर्यंत सात होत्या.

सहाव्या दिवशी सकाळी जाऊ धावत आली. "बाई, कवडी मेली."

मी पोचले तोवर आळीतल्या पाचसहा बायका जमल्या होत्या. त्यातली एक, जिच्याकडे आक्काच्या सगळ्यात जास्त कोंबड्या होत्या, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "म्या म्हनलंच हुतं. बरं झालं, आपन घालू दिलं न्हाई." आक्का कवडीजवळ उकिडवी बसली होती. तिने माझ्याकडे वर पाहिलं. "बोल आता."

मला लसीबद्दल सांगता आलं असतं. लसीने कोंबडी अशी मरत नाही, मान वाकडी नाही, हगवण नाही, वगैरे. पण त्या घडीला माझ्या तोंडून निघालेलं काहीही बचाव वाटला असता. मी म्हटलं, "फाडून बघा आक्का. मी हात लावत नाही. तुम्हीच बघा."

आक्काने विळी मागवली. आयुष्यभर कोंबड्या कापलेली बाई ती, पोट असं उघडलं की रक्ताचा थेंब विळीवर दिसला नाही. आत बोट घातलं आणि थांबली. मग तिने बाहेर काढलं ते फुटलेल्या अंड्याचं कवच, अर्धं. बाकीचं आतच फुटून पोटभर पिवळं पसरलं होतं.

"अंडं अडकलं," आक्का म्हणाली.

आक्का अजून ते कवच बघत होती. "दोन दिस एका जागी बसून हुती. म्या म्हनलं खुडूक झालीय, उबवायला बसलीय, बसू दे. तेल लावून अंडं काढलं असतं तर जगली असती." मग ती त्या बायकांकडे वळली, आणि विशेष करून त्या एकीकडे. "लसीनं न्हाई मेली. माझ्या चुकीनं मेली. जा आता, घरी कामं न्हाईत व्हय तुमाला?"

तिने नुसतं गप्प बसायचं ठरवलं असतं तरी माझं काम तिथेच संपलं असतं. कोणी तिला विचारणार नव्हतं. मी तिला काही सुचवलं नव्हतं, विनवलं नव्हतं. तिने जे पाहिलं ते सांगितलं. मात्र अट तिने सोडली नाही. "अजून दोन दिस हायेत," मला म्हणाली. "आज न्हाई बोलायचं."

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. मी गेले तर ओट्यावर त्याच बायका बसलेल्या आणि वातावरण तंग. सगळ्यात जास्त कोंबड्यावाली बाई सरळ विचारत होती, "आक्का, औषध घातल्यावर मेली तर भरून कोन देनार? ते आधी सांगा."

आक्का म्हणाली, "मेली तर माझी मेली."

"म्हंजी आमी भरायची न्हाई?"

"न्हाई. पन ज्या घरातली कोंबडी त्या सकाळी सुटलेली दिसंल, तिला पुढल्या साली तलंग न्हाई. आता बोला."

मी बचत गटात अर्धा तास बोलून जे झालं नव्हतं ते या दोन वाक्यांत झालं. बायका हसल्या, एकमेकींना कोपरं मारली. मी वही काढली आणि आक्का न अडखळता सांगत गेली, कोणाकडे कोणत्या रंगाच्या, किती, पिल्लं किती मोठी. बासष्ट भरल्या. आमच्या तिघींच्या अकरा. आणखी सत्तावीस हव्या होत्या, आणि त्या ज्यांच्या स्वतःच्या कोंबड्या होत्या त्यांच्याकडून. माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून आक्का म्हणाली, "त्यांच्याकडं जाऊ नगंस. त्यांना कळू दे नुसतं, की आक्काच्या समद्या कोंबड्यांना मिळनार हाय आन तुमच्यासाठी उरंल का न्हाई सांगता येत न्हाई."

मी तसंच केलं. संध्याकाळी दोघी जणी माझ्या दारात आल्या. "ताई, आमचं बी नाव घ्या की. आमी काय पाप केलंय?" दुसऱ्या दिवशी यादी एकशे सहावर गेली. डॉक्टरांनी ती वरून खाली वाचली, अंगठे बघितले आणि फ्रीज उघडला.

सकाळ आम्ही नवरात्राच्या सुरुवातीची धरली. त्यातही माझा स्वार्थ होता. नवरात्रात कोणी कोंबडी कापत नाही, पाहुणा आला तरी. यादीतल्या कोंबड्या यादीत राहतात.

उजाडायच्या बेताला मी आक्काच्या ओट्यावर बाटली विरघळवली. जाऊने घड्याळ पाहिलं. सव्वासहा. कोंबड्या सगळीकडे डालग्याखाली, खुराड्यात बंद, आणि सगळ्या आळीत त्यांचा कलकलाट, की आज आम्हाला सोडत का नाही. आम्ही निघालो. आक्का पुढे, अनवाणी, मागे मी ड्रॉपर घेऊन, आणि जाऊच्या हातात कपड्याला घालायच्या निळीची वाटी. थेंब पडला की ती पंखावर निळीचं बोट ओढायची, म्हणजे तीच कोंबडी दोनदा नको.

पहिल्या घरात आम्हाला फार वेळ लागला. बाई कोंबडी उलटी धरायची, मी सुलटी मागायचे. तिसऱ्या घरापासून हात बसला. एकीने धरायची, डोकं आडवं करायचं, थेंब, डोळा मिटेपर्यंत थांबायचं, निळीचं बोट, सोड. बायका आपण होऊन पुढच्या घरात जाऊन कोंबड्या धरून तयार ठेवू लागल्या. "आमची झाली, आता हिची धरू." एका घरात जत्रेसाठी राखलेला मोठा कोंबडा डालगं उचलताच निसटला आणि थेट देवळाच्या पत्र्यावर. त्याच्यामागे चार बायका, उपास असलेल्या. "ताई, थांबा हां, जाऊ नगा!" मी म्हटलं, "बाटली थांबत नाही, तुम्ही पळा!" त्याला शेवटी त्यांनी दोन चादरी धरून उतरवला. थेंब पडताना त्याने माझ्या मनगटाला चोच मारली, खूण अजून आहे.

साडेसातला ऐंशी झाल्या. पावणेआठला आमची यादी संपली आणि बाटलीत अजून थोडं होतं. यादीतल्या काही पिल्लांना घारीने नेलं होतं. मी जाऊकडे पाहिलं. तेवढ्यात खालच्या आळीकडून एक बाई तोंडात मिसरीचं बोट तसंच ठेवून, दोन्ही काखांत एकेक कोंबडी दाबून पळत येताना दिसली. तिच्या मागे आणखी एक. त्यांनी यादीच्या वेळी मला दारातूनच परत पाठवलं होतं. त्यातली एक आक्काला म्हणाली, "उरलं असंल तर बघा." आक्का म्हणाली, "आता का? तुझ्या कोंबड्यांना चष्मा नगं हुता ना?" पण हात पुढे करून तिची कोंबडी तिनेच धरली.

आठ वाजून पाच मिनिटांनी ड्रॉपरमध्ये हवा आली. बाटली उन्हाकडे धरून पाहिली. थेंब नव्हता. मी आणि जाऊ रस्त्यातच हसत सुटलो, काही कारण नसताना, आणि दोघींचे हात निळे.

दिवसभर गावात निळ्या पंखांच्या कोंबड्या फिरत होत्या. ज्यांच्या निळ्या नव्हत्या त्यांना ते दिसत होतं. मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत तिघींनी विचारलं, पुढची कधी?

दसऱ्यानंतर आठवडाभराने टोळ्या गेल्या. कोंबड्या आक्काच्या अंगणात जमल्या, आदल्या वर्षीसारख्याच. थंडीत पलीकडच्या वस्तीवर मानमोडी आली, तिथून आमच्या गावातही आली. आक्काच्या अंगणात पाच पिल्लं मेली, लसीनंतर अंड्यातून बाहेर आलेली, ज्यांना थेंब मिळालाच नव्हता. मोठी एकही गेली नाही. हे मी फुगवून सांगत नाही, पाच गेली ती गेली. पण आक्काने त्यातून लगेच काढलं, "म्हंजी पिल्लं झाली की त्यांना बी घालायचं. तीनतीन म्हैनं वाट बघून चालनार न्हाई." मी तिला हेच सांगायला गेले होते. मला बोलू दिलं नाही.

दुसरी फेरी माघात ठरली. ठरवली मी, तारीख माझी, बाटली माझ्या नावावर. आणि आदल्या दिवशी कळलं, की नवऱ्याचं नगरचं डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून अगदी फेरीच्याच दिवशी आलंय. जाणं भाग होतं. सकाळी नगरला पोचताच मी आमच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन केला, फेरी आठ दिवस पुढे ढकलू या. ते म्हणाले, "बाटली तुमची जाऊ काल संध्याकाळीच घेऊन गेली. तुम्हाला सांगितलं नाही?"

मी दवाखान्याच्या बाकावर बसून जाऊला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी आक्काच्या सुनेला लावला. मागे कोंबड्यांचा एवढा गोंधळ की फोन कानापासून लांब धरावा लागला. तिने तो आक्काकडे दिला.

"आक्का, बाटली किती वाजता विरघळवली? बर्फ आहे का? कोण थेंब घालतंय?"

"तुझी जाऊ घालती. धरायला चौघी हायेत."

"मी नाही तर थांबायचं होतं. काही चुकलं असतं म्हणजे?"

"अगं, झालंय सगळं, दोन घरं ऱ्हायलीत. तू गावात न्हाईस म्हून आमी कोंबड्या दिवसभर कोंडून ठिवायच्या व्हय? नवऱ्याकडं बघ तू." आणि मग फोन न ठेवताच ती कोणावर तरी ओरडली, "उलटी नगं धरू, सुलटी धर, किती येळा सांगायचं!"

ऑपरेशनआधीचे थेंब घातलेला डोळा मिटून नवऱ्याने विचारलं, काय झालं, का हसतेस? मी म्हटलं, काही नाही, मला कामावरून काढलंय.